हॉट रॉडचं पुढचं सस्पेन्शन: वेगळ्या वाटेच्या रचनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून, इंजिन आणि चेसीत फेरफार करून बांधलेली वेगवान गाडी. तिला पुढे मडगार्ड नसतात, बंपर नसतो, कित्येकदा बॉनेटही नसतं. साध्या गाडीत जे सगळं झाकलेलं असतं ते इथे उघड्यावर येतं आणि गाडीचा चेहरा होतं. म्हणूनच अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, बिल्डर मंडळींनी या तीन-चार फुटांच्या जागेत पिढ्यान्‌पिढ्या डोकं लढवलंय. मला येणारे बहुतेक प्रश्न स्प्रिंगबद्दल असतात: पाटा (लीफ स्प्रिंग) लावू, कॉइल लावू, की टॉर्शन बार? माझं म्हणणं असं की स्प्रिंग नंतर बघा, आधी सांधे कुठे आहेत ते बघा. गाडी किती बसेल ते स्प्रिंग ठरवते, पण सरळ धावेल की नाही ते सांधे ठरवतात. पुढच्या उत्तरांत मी फिरून फिरून तिथेच येणार आहे.

‘वेगळं’ म्हणजे कशापेक्षा वेगळं? नेहमीची रचना कोणती?

हॉट रॉडची नेहमीची रचना म्हणजे फोर्डची. १९०८ च्या मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत फोर्डच्या मोटारींना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यावर एकच आडवा पाटा असायचा. पाट्याचा मध्य चेसीच्या पुढच्या क्रॉसमेंबरला (आडव्या तुळईला) यू-बोल्टने आवळलेला आणि दोन्ही टोकं शॅकलने (झुलत्या कड्यांनी) अ‍ॅक्सलला लटकलेली. अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून मागे एका बॉलवर मिळणारा व्ही आकाराचा विशबोन. बस्स, एवढंच. १९४९ च्या मॉडेलमध्ये फोर्डने कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन आणलं, पण तोवर जुन्या फोर्ड भंगारात स्वस्तात मिळत होत्या आणि रॉडर मंडळींचे हात त्या पाट्यावर बसले होते.

दुसरी नेहमीची रचना आहे मस्टँग टूची. १९७४ ते १९७८ च्या त्या छोट्या मस्टँगला पुढे दोन आर्म, मध्ये कॉइल आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग होतं. ते जुन्या चेसीत नीट बसतं हे लक्षात आल्यावर त्याचे तयार क्रॉसमेंबर निघाले आणि आज कित्येक स्ट्रीट रॉडखाली त्याचीच कुठली तरी आवृत्ती दिसते. चालायला उत्तम आहे. पण मडगार्ड नसलेल्या १९३२ च्या फोर्डपुढे दाबीव पत्र्याचे ते जाडजूड आर्म दिसले की माझं मन मोडतं. वेगळ्या रचनांचा शोध बहुतेक तिथूनच सुरू होतो.

विशबोन कापून दोन्ही बाजूंना वेगळा लावला तर नेमकं काय बदलतं?

यात वेगळं असं काही दिसत नाही, पण बाकी सगळं समजून घ्यायला हा प्रश्न मुळाचा आहे.

मूळ विशबोन मागे एकाच बॉलवर टेकतो. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा अ‍ॅक्सल त्या बॉलभोवती तिरका होतो, पीळ कशालाच बसत नाही. पण मोठं इंजिन किंवा दुसरा गिअरबॉक्स बसवायचा झाला की नेमका तो बॉल आणि त्याच्याकडे येणारे हात आडवे येतात. मग ते कापायचे आणि चेसीच्या दोन बाजूंच्या रेलना (लांब तुळयांना) वेगवेगळे जोडायचे, ही १९४० च्या दशकापासूनची रीत. हेअरपिन नावाचे दोन नळ्यांचे सुबक आर्म येतात तेही याच जातीचे.

आता सांधे दोन झाले. डावं चाक चढलं की डावा आर्म आपल्या सांध्याभोवती फिरतो, उजवा जागेवर राहतो. म्हणजे अ‍ॅक्सलचं डावं टोक मागे कलतं आणि उजवं कलत नाही. अ‍ॅक्सलला पीळ बसतो. फोर्डचा घडीव आय-बीम (इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या छेदाचा दांडा) हा पीळ सोसतो, कारण त्या आकाराला पिळाचा विरोध फार नसतोच. नळीचा अ‍ॅक्सल मात्र पिळाला अजिबात दाद देत नाही. १९३७ च्या छोट्या साठ अश्वशक्तीच्या व्ही-८ फोर्डबरोबर आलेला नळीचा अ‍ॅक्सल दिसायला देखणा, वजनाला हलका, म्हणून फार लाडका. त्याला हेअरपिन लावले की पीळ जायला जागा राहत नाही आणि तो ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येतो. तिथे बारीक तडा पडतो, रंगाखाली दिसतही नाही.

त्यामुळे आय-बीमला हेअरपिन किंवा कापलेला विशबोन, आणि नळीला फोर-बार. फोर-बारमध्ये दर बाजूला दोन समांतर दांड्या असतात, त्यामुळे अ‍ॅक्सल वर-खाली होताना कलत नाही, कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल) बदलत नाही आणि पीळही येत नाही. ‘आमच्याकडे नळीवर हेअरपिन वर्षानुवर्षं चाललेत’ असं सांगणारे भेटतात. हलक्या गाडीत, जेमतेम दोन इंच हालचालीत ते चालतंही. मी तरी लावणार नाही.

सुइसाइड फ्रंट एंड म्हणजे काय? तो खरंच धोक्याचा आहे का?

साध्या रचनेत पाटा अ‍ॅक्सलच्या डोक्यावर आणि क्रॉसमेंबर पाट्याच्या डोक्यावर. एवढ्या थराखाली गाडी उतरत नाही. सुइसाइडमध्ये चेसीची पुढची कड अ‍ॅक्सलच्या मागेच संपवतात, तिथून एक ब्रॅकेट पुढे काढतात, पाटा त्या ब्रॅकेटला आवळतात आणि त्याची टोकं अ‍ॅक्सलच्या मागच्या बाजूला जोडतात. पाटा अ‍ॅक्सलच्या वर न राहता शेजारी येतो. नाक खाली जातं, चाकं पुढे सरकतात, अ‍ॅक्सल मोकळ्या हवेत उठून दिसतो. १९५० च्या दशकात नॉर्म ग्राबाव्स्की आणि टॉमी आयव्हो यांच्या टी-बकेट गाड्यांनी (मॉडेल टीच्या छोट्या उघड्या बॉडीच्या रॉड) हा तोरा घरोघरी पोहोचवला आणि पुढे किटमध्ये हाच नमुना रुळला.

धोका कुठे आहे ते आकड्यांत बघा. समजा पुढच्या अ‍ॅक्सलवर ३५० किलो भार आहे आणि पाट्याचा मध्य चेसीच्या कडेपासून १५० मिलिमीटर पुढे आहे. गाडी उभी असताना ब्रॅकेटच्या मुळाशी साधारण ५१५ न्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर येतो. खड्ड्यात भार क्षणभर तिप्पट झाला तर १,५०० च्या वर. हे एकदा नाही, प्रत्येक किलोमीटरला शेकडो वेळा. नेहमीच्या फोर्डमध्ये काही तुटलं तर क्रॉसमेंबर येऊन पाट्यावर आणि अ‍ॅक्सलवर टेकतो. इथे ब्रॅकेट गेलं की चेसीच्या खाली काहीच उरत नाही, नाक थेट रस्त्यावर.

तरीही मी याला नाही म्हणणार नाही. नीट केलेला सुइसाइड आणि कसाबसा केलेला यात जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि तो डोळ्यांनी बघता येतो. खाली वाका. ब्रॅकेट क्रॉसमेंबरच्या नुसत्या पुढच्या भिंतीला चिकटवलंय की आरपार जाऊन मागच्या भिंतीलाही जोडलंय? खालून तिरका आधार आहे का? त्या आधाराची टोकं निमुळती आहेत की एकदम संपतात? एकदम संपलेल्या कोपऱ्यावरच तडा सुरू होतो. पाट्याचं पॅड सपाट आहे का आणि मधला बोल्ट त्यात बसलाय का? आणि अ‍ॅक्सलच्या कमानीच्या वर चेसीचा एखादा अवयव येतोय का, की ब्रॅकेट तुटलं तर तो अडेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर बिल्डरला कळतंय असं समजा.

क्वार्टर-इलिप्टिक पाटे दिसतच नाहीत, मग ते काम कसं करतात?

आडव्या पाट्याऐवजी दोन अर्धे पाटे घ्यायचे, त्यांची जाड टोकं चेसीच्या रेलमध्ये घट्ट आवळायची आणि बारीक टोकं अ‍ॅक्सलपर्यंत पुढे काढायची. १९१० च्या दशकात शेव्हरोलेची ४९० ही स्वस्त गाडी अशाच पाट्यांवर आली. रॉडमध्ये ते रेलच्या पोटात लपवता येतात, बाहेर फक्त एक जीभ दिसते. पुढचा भाग इतका रिकामा दिसतो की बघणारा स्प्रिंग शोधत राहतो.

मेख ब्रेकमध्ये आहे. पाटाच जर अ‍ॅक्सलला धरून ठेवणारा हात असेल तर ब्रेक मारल्यावर अ‍ॅक्सल पुढे गुंडाळला जातो, पाटा एस आकारात वाकतो आणि कॅस्टर क्षणात पळतो. जुन्या गाडीला पुढे ब्रेकच नव्हते म्हणून खपून गेलं. आज डिस्क ब्रेक लावणार असाल तर दर बाजूला निदान एक वरची दांडी द्या, आणि तिची लांबी पाट्याच्या वाकण्याच्या कमानीशी जुळवा.

अ‍ॅक्सल मधोमध कापून दोन भाग करतात, हे खरं का?

खरं आहे, आणि याला चांगला इतिहास आहे. इंग्लंडात लेस्ली बॅलॅमी यांनी १९३० च्या दशकात फोर्डचा अखंड अ‍ॅक्सल मध्ये कापून दोन्ही अर्ध्यांना चेसीच्या मध्याशी बिजागरी दिली. प्रत्येक चाक आपापल्या अर्ध्यावर झुलतं. सिडनी अ‍ॅलार्ड यांनी ही रचना आपल्या गाड्यांत घेतली. फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन, हलकी बॉडी, कापलेला अ‍ॅक्सल: अ‍ॅलार्ड म्हणजे इंग्लंडची हॉट रॉडच. त्यांच्या जे-२ ला पुढे याच कापलेल्या अ‍ॅक्सलवर कॉइल स्प्रिंग होत्या. कॅडिलॅक इंजिन घातलेली जे-२ घेऊन अ‍ॅलार्ड आणि टॉम कोल १९५० च्या ले मान्स शर्यतीत तिसरे आले. १९५२ ची मोंटे कार्लो रॅली तर अ‍ॅलार्ड यांनी स्वतःच्याच पी-१ गाडीतून जिंकली. कॉलिन चॅपमन यांनी लोटसच्या मार्क ६ मध्येही कापलेला फोर्ड अ‍ॅक्सल वापरला होता.

आता तोटा. बिजागरीपासून चाकापर्यंतचं अंतर ७०० मिलिमीटर धरा. चाक ५० मिलिमीटर वर गेलं की कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) जवळपास ४ अंशांनी बदलतो. रस्त्यावर अ‍ॅलार्डची पुढची चाकं वाकडी पडलेली दिसायची ती यामुळे. फिरतं चाक असं झटक्यात कलवलं की ते स्टिअरिंगलाही हिसका देतं. टाय रॉडही (स्टिअरिंगसाठी दोन्ही चाकांना जोडणारी दांडी) मध्ये तोडून बिजागऱ्यांशी जुळवावा लागतो, नाहीतर चाकं प्रत्येक उंचवट्यावर आत-बाहेर बघतात.

तरी माझ्या मते हॉट रॉडसाठी ही रचना उपेक्षित राहिली. लांबून बघणाऱ्याला तो जुना अ‍ॅक्सलच दिसतो, जवळ आल्यावर मधली बिजागरी दिसते आणि माणूस खाली बसतो. हालचाल वर-खाली ३० मिलिमीटरवर अडवली आणि शॉकअप चांगले घेतले तर ती सांभाळता येते.

मग फोर्डचा ट्विन आय-बीम हाच प्रकार ना?

चुलतभाऊ. १९६५ च्या एफ-१०० पिकअपला फोर्डने दोन आय-बीम दिले, पण मध्यात न जोडता प्रत्येक बीम पलीकडच्या बाजूपर्यंत नेला. दोन्ही एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून झुलण्याची लांबी वाढते. लांबी एक मीटर धरली तर त्याच ५० मिलिमीटरला कॅम्बर ३ अंशांच्या आत राहतो. रॉडच्या अरुंद नाकाखाली दोन बीम एकापुढे एक बसवायला जागा काढणं हे खरं काम. जमलं तर सुंदर दिसतं.

टॉर्शन बार कुठे लपवतात आणि त्याचा फायदा काय?

धुणं पिळताना कापड जसं हाताला उलटा जोर देतं तसं हे. पोलादी दांड्याचं एक टोक चेसीत पक्कं, दुसऱ्यावर आर्म, आर्मच्या टोकाला अ‍ॅक्सल. मराठी वाचकाला हे परकं नाही, कारण अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या चाकांखाली टॉर्शन बारच होते.

रॉडच्या दुनियेत ते शर्यतीतून आले. फ्रँक कर्टिस यांनी १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीसाठी बांधलेल्या ५००-ए गाडीला चारही चाकांवर टॉर्शन बार होते. बिल व्हुकोविच त्या वर्षी शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असताना स्टिअरिंग तुटून बाहेर पडले, आणि त्याच गाडीतून त्यांनी १९५३ आणि १९५४ अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. तुटलं ते स्टिअरिंग, स्प्रिंग नाही, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

बार क्रॉसमेंबरच्या नळीत आडवा घालता येतो किंवा रेलमध्ये लांबीच्या दिशेने. बाहेर फक्त आर्म दिसतो. उंची बदलायची तर टोकाचा खाचा एक दात फिरवायचा. पण जाडी निवडताना सावध: ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर स्प्रिंग ४६ टक्क्यांनी कडक होते. ‘जरा जाड घेऊ, भक्कम होईल’ या हिशेबाने गाडी लाकडासारखी होते. शिवाय बारच्या अंगावर वेल्डिंगचा एक ठिपकाही पडता कामा नये. तिथूनच तो एक दिवस तुटतो.

फोक्सवॅगन बीटलचा पुढचा बीम टी-बकेटला बसतो का?

बसतो, आणि खूप जणांनी बसवला आहे. दोन आडव्या नळ्या एकावर एक, आत पातळ पट्ट्यांचे गठ्ठे, ते मध्ये एका स्क्रूने जखडलेले आणि दोन्ही टोकांना मागे जाणारे आर्म. सगळं एका तुकड्यात, चार बोल्टवर निघतं. १९६५ पर्यंतच्या बीमला किंगपिन आणि लिंकपिन (खिळ्यांचे सांधे), १९६६ च्या मॉडेलपासून बॉल जॉइंट. जुना दिसायला रॉडच्या जवळचा वाटतो.

दोन गोष्टी तपासा. बीटलचं इंजिन मागे, त्यामुळे त्या बीमवर गाडीच्या वजनाचा साधारण ४० टक्केच भाग येतो. लोखंडी ब्लॉकचं व्ही-८ इंजिन पुढे ठेवून तोच बीम जसाच्या तसा वापरणं म्हणजे त्याला न झेपणारं ओझं देणं. चार सिलिंडरची हलकी गाडी असेल तर प्रश्न नाही. दुसरं, असे समांतर आर्म वळणात चाक ताठ ठेवत नाहीत. बॉडी जितकी झुकेल तितकंच चाक झुकतं.

मॉर्गनसारखे सरकते खांब लावलेत का कुणी?

मॉर्गनने १९१० मध्ये तीनचाकी दाखवली तेव्हापासून तिच्या पुढच्या चाकांचे स्टब (चाक ज्यावर फिरतं ते आखूड दांडे) एका उभ्या खांबावर वर-खाली सरकायचे आणि त्याच खांबाभोवती वळायचे. वर मुख्य स्प्रिंग, खाली उसळी रोखणारी छोटी. चारचाकी मॉर्गनमध्ये हे १९३६ पासून थेट २०२० पर्यंत टिकलं. खांबाला वंगण कसं मिळायचं? ड्रायव्हरच्या पायाशी एक बटण असे. ते दाबलं की इंजिनमधलंच ऑइल नळीतून खांबावर उतरायचं.

रॉडसाठी याचं आकर्षण उघड आहे: आर्म नाहीत, दांड्या नाहीत, फक्त दोन खांब आणि मधली चौकट. चाक खांबाच्या रेषेत सरळ वर जातं, कॅम्बर बदलत नाही. पण हालचाल कमी मिळते आणि बुश झिजले की चाक लटपटतं. खांब आणि बुश दर्जेदार लेथवर, चकचकीत फिनिशचे हवेत. ज्याच्याकडे चांगला टर्नर आहे त्यानेच या फंदात पडावं.

१९३४ च्या शेव्हरोलेचं ‘नी-अ‍ॅक्शन’ ठेवू की काढू?

काढा. फ्रेंच उद्योजक आंद्रे दुबोने यांच्याकडून घेतलेली ही रचना चतुर होती. स्प्रिंग आणि शॉकअप ऑइलने भरलेल्या एका डब्यात आणि चाकाबरोबर तो अख्खा डबाच वळायचा. पण सील झिरपलं की सगळं संपलं. गाडी मूळ रूपात जतन करायची असेल तर गोष्ट वेगळी. रॉड बनवायची असेल तर सरळ अ‍ॅक्सल घाला.

स्प्रिंग बॉडीच्या आत आणि बाहेर फक्त बारीक आर्म, हे कसं साधतात?

ही कल्पना रेसिंग कारमधली. १९६२ च्या लोटस २५ ला वरचा आर्म आत चेसीपर्यंत लांबवून त्याच्या दुसऱ्या टोकाने आतली स्प्रिंग दाबली जायची. कारखान्यातून निघालेली याची प्रसिद्ध हॉट रॉड म्हणजे प्लिमथ प्राउलर, १९९७ मध्ये आलेली. तिची पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, त्यांवर फक्त छोटे मडगार्ड, अ‍ॅल्युमिनियमचे आर्म हवेत, आणि पुशरॉडने (ढकलणाऱ्या दांडीने) हलणारे कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली कॉइल स्प्रिंग) नाकाच्या आत. उघड्या नाकाच्या गाडीत स्वतंत्र सस्पेन्शन देखणं दिसू शकतं हे त्या गाडीने सिद्ध केलं.

स्वतः करणार असाल तर रॉकरचं (आर्म आणि स्प्रिंगमधल्या झुलत्या तरफेचं) गणित आधी कागदावर. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ मिलिमीटर दाबली गेली तर चाकाला जाणवणारा ताठरपणा स्प्रिंगच्या ७० टक्के नसतो, ४९ टक्के असतो, कारण गुणोत्तराचा वर्ग होतो. हे विसरून घेतलेल्या स्प्रिंगवर गाडी थेट बंप स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या रबरावर) बसते. आणि रॉकरचा सांधा चेसीच्या भक्कम गाठीवर हवा, नळीच्या मध्यावर नको. इथेही स्प्रिंगपेक्षा सांधा महत्त्वाचा.

आडवा पाटा आणि आधुनिक स्वतंत्र सस्पेन्शन एकत्र येऊ शकतं?

आलंच आहे. १९८४ च्या कॉर्व्हेटला पुढे दोन आर्मच्या मध्ये काचतंतूंच्या कंपोझिटचा एकच आडवा पाटा होता, आणि ही परंपरा कॉर्व्हेटने २०१९ पर्यंत चालवली. त्या पिढीचे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म रॉडमध्ये भरपूर वापरले जातात. पण बहुतेक जण पाटा काढून कॉइलओव्हर लावतात. मला त्याचं वाईट वाटतं. मॉडेल टीच्या आडव्या पाट्याचाच तो वारसदार होता, तोच नेमका फेकला जातो.

हायड्रॉलिक किंवा एअर बॅगने नाक जमिनीवर टेकवायचं असेल तर?

१ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली नको. त्यावर रॉन अगिरे यांनी आपल्या एक्स-सॉनिक कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप लावले: उभी असताना खाली, चालवताना वर. आज ते काम बहुतेक एअर बॅग करतात.

अखंड अ‍ॅक्सलला बॅग लावल्यावर पाटा जातो, आणि पाट्याबरोबर अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारी गोष्टही जाते. मग पॅनहार्ड बार लागतो, म्हणजे एक टोक चेसीला आणि दुसरं त्या आसाला जोडलेली आडवी दांडी. तो एका कमानीत फिरतो: ५०० मिलिमीटर लांबीचा बार आडवा असताना नाक १०० मिलिमीटर खाली सोडलं तर अ‍ॅक्सल सुमारे १० मिलिमीटर बाजूला सरकतो. टायर आणि चेसीत तेवढी जागा ठेवा. आणि बार चालवण्याच्या उंचीला आडवा हवा, प्रदर्शनात टेकवलेल्या उंचीला नव्हे.

सस्पेन्शन छान झालं, पण उंचवट्यावर गाडी स्वतःच वळते. का?

हा बंप स्टिअर, आणि वेगळ्या रचनांचा सर्वांत मोठा शत्रू. अखंड अ‍ॅक्सलमध्ये टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच हलतो, त्यामुळे चाकं एकमेकांपासून फाकत नाहीत; दोन्ही मिळून एकाच बाजूला वळतात. दोष ड्रॅग लिंकमध्ये, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीत असतो.

स्टिअरिंग बॉक्स बाजूला असून ड्रॅग लिंक पुढे-मागे जात असेल तर तिचा मागचा सांधा हेअरपिनच्या मागच्या सांध्याच्या जितका जवळ तितकं चांगलं. दोघांच्या कमानी जुळल्या की अ‍ॅक्सल हलला तरी स्टिअरिंगला कळत नाही. ड्रॅग लिंक आडवी असेल, जशी शेव्हरोले व्हेगाचा बॉक्स लावल्यावर असते, तर पॅनहार्ड बार तिला समांतर आणि तिच्याच लांबीचा हवा. आडव्या पाट्याच्या गाडीतही पॅनहार्ड लावा. नाहीतर स्टिअरिंग फिरवल्यावर आधी अ‍ॅक्सल शॅकलवर बाजूला सरकतो आणि मग चाकं वळतात.

तपासायची रीत सोपी आहे. गाडी चालवण्याच्या उंचीला स्टँडवर पक्की ठेवा. पाट्याचं मुख्य पान सोडून बाकी पानं काढा, शॉकअप काढा. स्टिअरिंग व्हील सरळ धरून बांधा. चाक काढून हबला दोन फूट लांब सरळ पट्टी बोल्टने आवळा आणि जमिनीवर पट्टीच्या दोन्ही टोकांखाली कागद चिकटवा. आता जॅकने अ‍ॅक्सल १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी ५० वर आणि ५० खाली न्या, आणि प्रत्येक वेळी ओळंबा सोडून कागदावर टिंब करा. टोकांची टिंबं सारखी सरकली तर चाक वळलेलं नाही. एक टोक पुढे पळालं तर वळलंय. ड्रॅग लिंकचा सांधा थोडा वर-खाली करून पुन्हा बघा. चांगली दुपार यात जाते, पण रस्त्यावरची भीती जाते. कॅस्टर ५ ते ७ अंशांत आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या.

बोल्ट आणि क्रोमबद्दल काही?

अमेरिकन किटबरोबर ग्रेड ८ चे बोल्ट येतात. इथल्या दुकानात त्याच्या जागी ८.८ चा बोल्ट हातात ठेवतात, आकडा सारखा वाटतो म्हणून. ग्रेड ८ ची ताकद १०.९ च्या जवळ आहे; ८.८ हा अमेरिकन ग्रेड ५ च्या पंगतीतला. सस्पेन्शनच्या सांध्यात हा फरक जीवावर येतो.

क्रोम करताना आम्लाच्या टाकीत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर लगेच काही तास सुमारे १९० अंशांवर भाजून तो काढावा लागतो. प्लेटिंगवाला हे करतो का, विचारा. स्टिअरिंगचे बोल्ट, रॉड एंड आणि स्प्रिंग यांना क्रोम नकोच.

भारतात अशी गाडी रस्त्यावर आणता येईल का?

साधं उत्तर, नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विंटेज नोंदणीतूनही पळवाट नाही: २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ची नोंदणी मिळते, पण चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच.

म्हणून जुनी जीप किंवा पद्मिनी हाताशी आहे, तिचं पुढचं कापू का, असं कुणी विचारलं की मी थांबवतो. खाजगी जागेत, प्रदर्शनासाठी किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिकायला चेसी बांधणं वेगळं. परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या राज्याचा नियम आधी वाचावा.

मग इथे बसून हे शिकायचं कसं?

पुठ्ठा, टाचण्या आणि ड्रॉइंग बोर्ड. एकास पाच प्रमाण घ्या. चेसीची बाजू बोर्डवर काढा, हेअरपिन, अ‍ॅक्सलची कड आणि ड्रॅग लिंक पुठ्ठ्याच्या पट्ट्यांतून कापा आणि सांध्यांच्या जागी टाचण्या टोचा. अ‍ॅक्सलची पट्टी १० मिलिमीटर उचला, म्हणजे खऱ्या गाडीत ५० झाले, आणि ड्रॅग लिंकचं टोक कुठे जातं ते पेन्सिलीने उमटवा. मग तिची टाचणी काढून हेअरपिनच्या टाचणीजवळ टोचा आणि पुन्हा उचला. दोन्ही रेषा एकमेकींवर पडायला लागतात. तोच बोर्ड उभा करून समोरची बाजू काढली की अ‍ॅलार्डचा कापलेला अ‍ॅक्सल, ट्विन आय-बीम आणि पॅनहार्ड बार हे तिन्ही त्यावर तपासता येतात. संगणकावरचे प्रोग्राम हेच जास्त अचूक करतात, पण सुरुवात पुठ्ठ्याने करा. टाचणी हाताने हलवल्यावर जे कळतं ते माऊसने कळायला वेळ लागतो.